मोंटानाच्या दक्षता-समितीची बखर : एक छाननी

१

थॉमस जोसाया डिम्सडेल याचा ‘मोंटानाचे व्हिजिलँटी’ हा ग्रंथ १८६६ सालीं रॉकी पर्वतांतील व्हर्जिनिया सिटी या खाणवाल्यांच्या गांवीं ‘मोंटाना पोस्ट’ वृत्तपत्राच्या छापखान्यांत निघाला. मोंटानांत छापलेलें हें पहिलें पुस्तक होय. मूळ आवृत्तीच्या प्रती दुर्मिळ आहेत. परंतु १९५३ सालीं ओक्लाहोमा विद्यापीठाच्या मुद्रणालयानें ग्रंथ पुनः छापल्यामुळें तो सामान्य अभ्यासकासही सुलभ झाला आहे. आमच्या वाचकांचा व्यासंग बखरी, महजर आणि निवाडपत्रें यांचा. त्यांच्यापुढें हा परदेशी ग्रंथ ठेवण्याचें कारण दुहेरी आहे. घटना घडून दोन-तीन वर्षें लोटतात न लोटतात तोंच, त्याच गांवीं, विजयी पक्षाच्या मनुष्यानें लिहिलेलें वृत्त कितपत ग्राह्य मानावें, हा प्रश्न आम्हां सर्वांस पदोपदीं पडतो. त्याचें इतकें स्वच्छ उदाहरण क्वचित् सांपडेल. हें एक कारण. दुसरें असें कीं, या ग्रंथानें निर्माण केलेली स्मृति ग्रंथांतच राहिली नाहीं. तिची खूण एका राज्याच्या पोलिसांच्या खांद्यावरील बिल्ल्यावर शिवली गेली आहे. तेव्हां या बखरीची छाननी हा केवळ जुन्या पुस्तकांच्या शौकिनांचा विरंगुळा नव्हे.

२

वादास आधारभूत असलेल्या घटना प्रथम थोडक्यांत सांगतों. १८६२ च्या जुलैंत ग्रासहॉपर ओढ्याच्या कांठीं सोनें सांपडलें आणि बॅनक हें गांव वसलें. १८६३ च्या मे महिन्यांत पूर्वेकडील अल्डर गल्च या घळींत त्याहूनही मोठा सांठा लागला आणि व्हर्जिनिया सिटी व तिच्या शेजारचीं गांवें उभीं राहिलीं. हा मुलूख त्या वेळीं आयडाहो टेरिटरींत मोडत असे. टेरिटरी म्हणजे ज्यास अद्याप राज्याचा दर्जा मिळाला नाहीं असा प्रांत. ही टेरिटरी मार्च १८६३ मध्यें निर्माण झाली. तिची राजधानी लुइस्टन येथें, पर्वताच्या ओळींपलीकडे. खाणवाले आपल्या सभेंत न्यायाधीश निवडीत, शेरीफ निवडीत आणि प्रसंगीं निवाडाही हात वर करून करीत. बॅनकच्या लोकांनीं मे १८६३ त हेन्री प्लमर यास शेरीफ निवडलें. हा पूर्वीं कॅलिफोर्नियांतील नेव्हाडा सिटी येथें मार्शल होता. तेथें एका मनुष्याच्या वधाबद्दल शिक्षा होऊन सॅन क्वेंटिनच्या तुरुंगांत गेला आणि १८५९ त माफी मिळून सुटला.

डिसेंबर १८६३ त निकोलस टीबोल्ट नांवाच्या तरुणाच्या खुनाबद्दल जॉर्ज आइव्ह्ज यास पकडण्यांत आलें. नेव्हाडा सिटी या मोंटानांतील गांवीं, भर रस्त्यांत, शेंकडों लोकांसमक्ष १९ ते २१ डिसेंबर असे तीन दिवस त्याची चौकशी झाली. विल्बर फिस्क सँडर्स या तरुण वकिलानें सरकारपक्ष मांडला. आरोपीसही वकील होते. चोवीस पंचांपैकीं तेवीस जणांनीं त्यास दोषी ठरविलें आणि त्याच रात्रीं तो फांशीं गेला. त्यानंतर दोन दिवसांनीं, २३ डिसेंबर १८६३ ही तारीख असलेल्या एका प्रतिज्ञालेखावर चोवीस जणांनीं सह्या करून गुप्ततेची शपथ घेतली. हीच ती दक्षता-समिति. तिच्या नियमांत शिक्षा एकच सांगितली होती, ती म्हणजे मृत्यु.

४ जानेवारी १८६४ रोजीं इरॅस्टस येगर आणि जॉर्ज ब्राउन यांस झाडावर लटकविलें. १० जानेवारीस बॅनक येथें शेरीफ प्लमर आणि त्याचे दोन सहायक, बक स्टिन्सन व नेड रे, यांस फांशीं दिलें. १४ जानेवारीस व्हर्जिनिया सिटींत एकाच तुळईवर पांच जण लटकले. आइव्ह्ज धरून पहिल्या मोहिमेंत एकवीस माणसें मारलीं गेलीं, असा फ्रेडरिक ॲलन या अलीकडील अभ्यासकाचा हिशेब आहे.

३

डिम्सडेल जातीनें इंग्रज. तो १८६३ त व्हर्जिनिया सिटींत आला, तेथें शाळा चालविली, पुढें नव्या मोंटाना टेरिटरीचा पहिला शिक्षणाधिकारी झाला आणि ऑगस्ट १८६४ त निघालेल्या ‘मोंटाना पोस्ट’चा संपादकही झाला. त्याच पत्रांत १८६५ च्या ऑगस्टपासून हें वृत्त क्रमशः येऊं लागलें. ग्रंथ निघाला त्याच वर्षीं, सप्टेंबर १८६६ त, तो वारला. भाषा सुबोध, वर्णनें प्रत्ययकारी, खाणवाल्यांच्या राहणीचीं चित्रें अजूनही वाचनीय. या गुणांविषयीं आमचें दुमत नाहीं.

पण आधीं मुखपृष्ठच पाहावें. ग्रंथकर्त्यानें आपलें वृत्त अचूक व निःपक्षपाती असल्याची ग्वाही दिली आहे, आणि या विषयावरील विश्वसनीय पुस्तक हेंच एक, असेंही वर म्हटलें आहे. त्यापुढें प्लमरच्या टोळीचा पाठलाग, चौकशी, अटक व फांशी यांची हकीकत सांगण्याचें वचन आहे. क्रम हाच आहे : अटकेच्या अगोदर चौकशी. ही केवळ अनवधानाची चूक असेल. परंतु पुस्तक वाचून मिटलें म्हणजे ती चूक वाटेनाशी होते. आइव्ह्जची चौकशी झाली; ती उघड झाली व त्यास प्रत्युत्तराची संधि मिळाली. प्लमरची चौकशी झालीच नाहीं. त्याच्याविषयींचा निर्णय त्याच्या पाठीमागें होऊन चुकला होता. त्या रात्रीं त्यास घरांतून काढून फांसाच्या खांबाखालीं नेलें. तो खांब शेरीफ या नात्यानें त्यानेंच उभारविला होता असें सांगतात. आरोपपत्र, साक्ष, जबाब यांपैकीं कशाचाही उल्लेख खुद्द डिम्सडेल करीत नाहीं. तो एवढेंच म्हणतो कीं, मरणापूर्वीं प्लमरनें आपल्या पुष्कळ खुनांची कबुली दिली. कोणाचा खून, कोठें, केव्हां, हें त्या कबुलींत एका शब्दानेंही नाहीं. ज्यांनीं दोर ओढला त्यांच्याच तोंडून आलेली आणि एकाही कृत्याचा तपशील नसलेली कबुली कोणत्याही दफ्तरांत पुरावा म्हणून मांडतां येणार नाहीं.

मग प्लमर टोळीचा नायक होता, यास आधार कोणता? सगळी इमारत येगरच्या यादीवर उभी आहे. येगरनें मरणापूर्वीं टोळींतील माणसांचीं नांवें सांगितलीं. प्लमर नायक, अमका उपनायक, तमका चिटणीस, अमके हेर, असे हुद्देही सांगितले. टोळीचे लोक गळपट्टा विशिष्ट गांठीनें बांधतात व एक संकेतशब्द वापरतात, असेंही सांगितलें. ही यादी डिम्सडेल छापतो. मूळ टिपणाचें वर्णन मात्र तो देत नाहीं. तें कोणी लिहिलें, कशावर लिहिलें, येगरची सही अथवा निशाणी त्यावर होती काय, त्या वेळीं हजर कोण होतें, हे प्रश्न अस्सल कागद हाताळणारा कोणीही प्रथम विचारील. ग्रंथांत त्यांस उत्तर नाहीं. येगर स्वतः त्याच रात्रीं फांशीं गेला. तेव्हां त्यास उलट प्रश्न विचारण्याची सोयही उरली नाहीं. त्याजबरोबर मेलेला ब्राउन हाच यादींतील चिटणीस. ज्या टोळीस चिटणीस होता त्या टोळीचा एकही कागद ग्रंथकर्त्यानें पुढें मांडलेला नाहीं, हें मोठें आश्चर्य होय.

संकेतशब्दाची गोष्ट तर अधिकच विचार करण्यासारखी आहे. डिम्सडेलच्या म्हणण्याप्रमाणें टोळीचा संकेतशब्द ‘निर्दोष’ असा होता. तो मान्य केला म्हणजे फांसाखालीं उभा असलेला मनुष्य ‘मी निर्दोष आहें’ असें ओरडला, तर तीच त्याच्या अपराधाची खूण ठरते. ज्या पुराव्यापुढें नकार आणि कबुली यांचें फळ एकच, तो पुरावा नव्हे. तें आधींच ठरलेल्या निर्णयाचें समर्थन होय.

तिसरी गोष्ट आंकड्याची. टोळीनें १०२ माणसें निश्चितपणें मारलीं, असें ग्रंथकर्ता सांगतो. शंभर म्हटलें असतें तर वाचकानें तो अजमास समजला असता. १०२ म्हटल्याबरोबर कोणीतरी मोजणी केली असावी असा भास होतो. ती यादी कोठें आहे? ग्रंथांत नांवानिशीं व स्थळकाळानिशीं आलेले खून या आंकड्याच्या जवळपासही पोंचत नाहींत. आमच्याकडील बखरकार सैन्याची संख्या सांगतांना जो हात सैल सोडतो, तोच हा प्रकार. फरक इतकाच कीं, तेथें फुगलेल्या आंकड्यानें विजयाचा डौल वाढतो. येथें त्यानें वीस माणसांच्या मरणाचें समर्थन होतें.

४

या आक्षेपांस ग्रंथकर्त्याच्या पक्षाचें उत्तर ठरलेलें आहे. तेथें कायदा नव्हता, न्यायालय नव्हतें, तुरुंग नव्हता. मग सज्जनांनीं करावें काय? हें उत्तर सर्वस्वीं खोटें नाहीं. २९ जून १८६३ रोजीं डिलिंगहॅम नांवाच्या उपशेरीफास स्टिन्सन, हेझ लायन्स आणि फोर्ब्स यांनीं भर दिवसा गोळ्या घालून मारलें. खाणवाल्यांच्या सभेनें स्टिन्सन व लायन्स यांस दोषी ठरविलें, कबरी खणण्यास माणसें गेलीं, आणि तेवढ्यांत जमावाचें मन पालटून मतमोजणीच्या गोंधळांत मारेकरी मोकळे सुटले. हा प्रसंग डिम्सडेलनें फार चांगला वर्णिला आहे. उघड सभेवरचा लोकांचा विश्वास कां उडाला आणि गुप्त समितीकडे ते कां वळले, हें त्यावरून कळतें. स्टिन्सन आणि लायन्स हे दोघेही पुढें जानेवारींत फांशीं गेले. त्यांच्याविषयीं अश्रु ढाळण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

परंतु दोन गोष्टी ग्रंथकर्त्याच्या युक्तिवादांत बसत नाहींत. आयडाहो टेरिटरीचा नियुक्त मुख्य न्यायाधीश सिडनी एजर्टन हा सप्टेंबर १८६३ पासून बॅनकमध्येंच राहत होता. सँडर्स हा त्याचाच भाचा. एजर्टनपाशीं हुकूम बजावण्यास मार्शल नव्हता, कचेरी नव्हती, हें खरें. तरीही प्रांताचा मुख्य न्यायाधीश ज्या गांवांत राहतो, त्या गांवचा निवडलेला शेरीफ चौकशीवांचून फांशीं जातो आणि न्यायाधीश मौन धरतो, या गोष्टीस ‘कायदा नव्हता’ एवढें म्हणून भागत नाहीं. कायद्याचा पुरुष होता; त्यानें त्या रात्रीं दार उघडलें नाहीं.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. ऑक्टोबर १८६३ त लॉइड मॅग्रुडर हा व्यापारी व्हर्जिनिया सिटीहून सोनें घेऊन लुइस्टनकडे निघाला असतां वाटेंत त्याचा व त्याच्या चार सोबत्यांचा खून झाला. त्याचा मित्र हिल बीची यानें मारेकऱ्यांचा माग थेट सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत काढला, त्यांस पकडवून लुइस्टनला आणलें आणि जमावाच्या हवालीं न करितां न्यायालयापुढें उभें केलें. एक माफीचा साक्षीदार झाला. तिघांची पंचांसमक्ष चौकशी होऊन ४ मार्च १८६४ रोजीं त्यांस फांशीं देण्यांत आलें. तोच प्रांत, तोच हिंवाळा, तसाच भयंकर गुन्हा. अंतर आणि बर्फ या अडचणी बीचीसही होत्या. दुसरा मार्ग मुळींच नव्हता, हें डिम्सडेलच्या ग्रंथाचें मुख्य प्रमेय या एका उदाहरणानें ढिलें पडतें. दुसरा मार्ग होता. तो लांबचा, खर्चाचा आणि एका माणसाच्या चिकाटीवर अवलंबून असलेला होता, एवढेंच म्हणतां येईल.

ग्रंथकर्त्याच्या प्रामाणिकपणाचें श्रेय मात्र त्यास दिलें पाहिजे. १० मार्च १८६४ रोजीं जोसेफ स्लेड यास फांशीं दिलें, त्या प्रकरणांत त्याची लेखणी अडखळते. स्लेडवर मोंटानांत चोरीचा अथवा खुनाचा आरोप नव्हता, हें तो स्वतः कबूल करतो. स्लेड दारू पिऊन गांवांत धुमाकूळ घाली, आणि त्यानें न्यायालयाचा हुकूम फाडून टाकला, एवढाच त्याचा अपराध. त्याची बायको घोडा फेंकीत आली ती सर्व संपल्यावर. मार्क ट्वेन यानें १८७२ सालच्या आपल्या प्रवासग्रंथांत हें प्रकरण डिम्सडेलच्याच पुस्तकावरून घेतलें आणि तें जगभर वाचलें गेलें. आमच्या मतें सबंध ग्रंथांत ऐतिहासिक मूल्य सर्वांत अधिक याच भागास आहे. पक्षाभिमानी लेखक जेथें आपल्या पक्षास अडचणीची गोष्ट लिहितो, तेथें त्याची साक्ष वजनदार होते.

५

डिम्सडेलच्या मागून आलेल्यांनीं काय केलें? १८९० सालीं नॅथॅनियल लँगफर्ड यानें दोन खंडांत याच विषयावर विस्तृत ग्रंथ लिहिला. त्याचा सूर तोच आहे. याहून महत्त्वाचें म्हणजे १८६५ त स्थापन झालेल्या मोंटानाच्या इतिहास-मंडळाचा पहिला अध्यक्ष विल्बर फिस्क सँडर्स हाच होता आणि तो १८९० पर्यंत त्या पदावर राहिला. संशोधन-मंडळाच्या पत्रिकेंत लिहितांना ही गोष्ट आम्हांस विशेष टोंचते. आइव्ह्जवर आरोप मांडणारा आणि समितीच्या स्थापनेंत पुढाकार घेणारा मनुष्य पंचवीस वर्षें प्रांताच्या कागदांचा मुख्य रक्षक होता. त्यानें कांहीं दडपलें असें आम्ही म्हणत नाहीं. तसा आधार आम्हांपाशीं नाहीं. पण कोणते कागद जमा करावेत, कोणाच्या आठवणी लिहून घ्याव्यात, हें ज्याच्या हातीं असतें त्यास दडपण्याची गरजच पडत नाहीं. समितीच्या सभासदांचीं आत्मवृत्तें जमलीं. फांशीं गेलेल्यांच्या बायकांची, भावांची, मित्रांची बाजू जवळ जवळ कोणीच विचारली नाहीं. पराजितांचें दफ्तर जळतें हें आपण जाणतोंच. येथें तें तयारच झालें नाहीं.

सव्वाशें वर्षांनीं याची प्रतिक्रिया आली. १९८७ सालीं मेदर व बॉसवेल या दोन अभ्यासकांनीं प्लमरचें चरित्र प्रसिद्ध करून त्याच्या अपराधाविषयींच मूलगामी शंका घेतली. १९९३ च्या मे महिन्यांत, एका शाळेच्या पुढाकारानें, व्हर्जिनिया सिटीच्या न्यायालयांत प्लमरची मरणोत्तर चौकशी भरविण्यांत आली. बारा पंचांपैकीं सहा एका बाजूस, सहा दुसऱ्या बाजूस. न्यायाधीशांनीं चौकशी निष्फळ झाल्याचें जाहीर केलें. अशा नाट्यचौकशीस कायद्याचें बळ नसतें. तरीही जो निर्णय १८६४ त एका रात्रींत झाला तो करण्यास १९९३ त बारा माणसें असमर्थ ठरलीं, हें सूचक आहे.

ॲलन याचा ग्रंथ २००४ सालीं निघाला. आजवरच्या ग्रंथांत आम्हांस तोच सर्वांत समतोल वाटतो. समितीच्या आरंभीच्या कृत्यांस त्या परिस्थितींत समर्थन होतें, असें तो मानतो. पण न्यायालयें स्थापन झाल्यावरही समिति मोडली नाहीं. सहा वर्षांत तिनें पन्नासाहून अधिक माणसें चौकशीवांचून मारलीं, असें तो दाखवितो. पहिल्या विधानाशीं आम्ही पूर्ण सहमत नाहीं; दुसरें विधान मात्र निर्विवाद दिसतें. मोंटाना टेरिटरी २६ मे १८६४ रोजीं वेगळी झाली. तिचा मुख्य न्यायाधीश हेझेकाया हॉस्मर यानें त्याच वर्षींच्या डिसेंबरांत पंचांपुढें भाषण करून समितीचे मागच्या कामाबद्दल आभार मानले, आणि आतां न्यायालय आलें आहे, यापुढें असलीं कृत्यें गुन्हाच ठरतील, असें बजावलें. आभार लोकांच्या लक्षांत राहिले. बजावणी राहिली नाहीं. १८६५ त जेम्स डॅनियल्स याच्या हातून पत्त्यांच्या डावावरील भांडणांत एक खून झाला. न्यायालयानें त्यास सदोष मनुष्यवधाबद्दल तीन वर्षांची कैद दिली. हंगामी गव्हर्नर थॉमस फ्रान्सिस मीगर यानें ती स्थगित करून त्यास सोडलें. तो हेलेनास परतला आणि २ मार्च १८६६ च्या रात्रीं त्यास झाडास टांगण्यांत आलें. गव्हर्नरचा आज्ञापत्राचा कागद त्या वेळीं त्याच्या खिशांत होता, असें वृत्त आहे. न्यायाधीशाची शिक्षा आणि गव्हर्नरची दया, दोन्ही एका दोरानें रद्द झालीं. ज्यांनीं कायदा नाहीं म्हणून हातीं दोर घेतला, त्यांनीं कायदा आल्यावर कायद्यावरच अपील ऐकण्यास आरंभ केला. कायद्याच्या अभावाचा युक्तिवाद येथें संपतो.

६

आतां बिल्ल्याची गोष्ट. ‘३-७-७७’ असा एक आंकडा मोंटानांत दक्षता-समितीची खूण म्हणून प्रसिद्ध आहे. आंकडा दारावर लिहिलेला दिसला कीं त्या मनुष्यानें गांव सोडावें, नाहींतर मरावें, असा त्याचा अर्थ. परंतु डिम्सडेलच्या ग्रंथांत हा आंकडा कोठेंही नाहीं. तो हेलेना येथें प्रथम दिसतो तो १८७९ सालीं, म्हणजे प्लमरच्या मरणानंतर पंधरा वर्षांनीं. त्याचा उलगडा कोणी कबरीचीं मापें म्हणून करतात : रुंदी तीन फूट, लांबी सात फूट, खोली सत्त्याहत्तर इंच. दोन मापें फुटांत आणि तिसरें इंचांत कां, हें मात्र कोणी सांगत नाहीं. कोणी ती ७ मार्च १८७७ ही तारीख समजतात. ॲलन याचें अनुमान असें कीं, सत्त्याहत्तर जणांच्या हुकुमावरून तीन डॉलरांचें तिकीट काढून सकाळीं सातच्या घोडागाडीनें चालतें व्हावें, असा तो इशारा होता. तीन अर्थांपैकीं एकही सिद्ध नाहीं. सिद्ध आहे ती तारीख, आणि ती लोकसमजुतीच्या विरुद्ध आहे.

हाच आंकडा पुढें कोणाच्या हातीं गेला तें पाहावें. १ ऑगस्ट १९१७ रोजीं ब्यूट शहरांत, तांब्याच्या खाणींतील संप चालू असतां, मजूर-संघटक फ्रँक लिट्ल यास मुखवटे घातलेल्या माणसांनीं बिऱ्हाडांतून ओढून नेलें आणि रेल्वेच्या पुलास टांगलें. त्याच्या अंगावर टांचलेल्या चिठ्ठीवर इतरांस अखेरचा इशारा होता आणि खालीं ‘३-७-७७’. मोंटाना १८८९ पासून राज्य होतें. ब्यूटमध्यें न्यायालय, शेरीफ, तुरुंग, वकील, सर्व कांहीं होतें. त्या खुनाबद्दल कोणासही शिक्षा झाली नाहीं.

१९३५ सालीं मोंटानाचें महामार्ग-गस्त दल स्थापन झालें. १९५६ त त्याच्या बिल्ल्यावर ‘३-७-७७’ हा आंकडा घेण्यांत आला. प्रांतांतील पहिल्या लोकरक्षकांचें स्मरण हा त्यामागील हेतु. त्या दलाच्या शिपायांवर आम्ही कोणताही आरोप करीत नाहीं. त्यांचें काम अपघात टाळण्याचें आणि गुन्हेगारांस न्यायालयांत नेण्याचें आहे, व तें तीं माणसें करीतच असणार. आमचा आक्षेप स्मरणावर आहे. ज्या पहिल्या रक्षकांचें स्मरण करावयाचें त्यांच्या काळीं हा आंकडा नव्हताच. ज्यांनीं तो वापरला त्यांचें कार्य लोकांस न्यायालयावांचून हांकलणें अथवा मारणें हें होतें. आणि सर्वांत विलक्षण म्हणजे १८६४ च्या त्या रात्रीं बॅनकमध्यें लोकांनीं निवडलेला पोलीस-अधिकारी एकच होता. तोच दोराच्या टोंकास होता. पोलिसांचा बिल्ला त्याच्या बाजूचा नाहीं, त्यास लटकविणाऱ्यांच्या बाजूचा आहे. तो दोषी असेलही. परंतु तें कोणत्याही न्यायालयांत ठरलें नाहीं, आणि त्याच्या चौकशीची जागा एका पुस्तकानें घेतली.

हा वारसा केवळ चिन्हापुरता नव्हता. समितीचा प्रसिद्ध फांशीगर जॉन बीडलर पुढें संयुक्त संस्थानांचा उपमार्शल झाला. समितीचा अध्यक्ष पॅरिस फाउट्स व्हर्जिनिया सिटीचा नगराध्यक्ष झाला. सँडर्स सिनेटर झाला. गुप्त समिति मोडून कायदा आला असें झालें नाहीं. समितीचींच माणसें कायद्याचा पोशाख करून पुढें बसलीं. त्यांपैकीं कांहींनीं चांगलें काम केलें. पण पूर्वींचा हिशेब त्यांस कोणी विचारला नाहीं, कारण हिशेब विचारणारेही तेच होते.

७

आमचा अभिप्राय थोडक्यांत असा. डिम्सडेलचा ग्रंथ तीन निरनिराळ्या गोष्टी एका नांवाखालीं बांधतो. पहिली, आइव्ह्जची उघड चौकशी. ती अनियमित असली तरी तींत आरोप, बचाव आणि पंच होते. दुसरी, जानेवारी १८६४ ची गुप्त मोहीम. तींत कांहीं खरे मारेकरी मारले गेले, कांहींविषयीं निश्चित सांगतां येत नाहीं, आणि नायक म्हणून मारलेल्याविरुद्धचा पुरावा एका मृत मनुष्याच्या अदृश्य टिपणावर उभा आहे. तिसरी, स्लेडपासून पुढें सुरू झालेली संवय. तीस आणीबाणीचें समर्थनही उरलें नव्हतें. पहिलीचा मान दुसरीस आणि दुसरीचा तिसरीस मिळाला, तो या ग्रंथाच्या मांडणीमुळें. लिट्लच्या अंगावरची चिठ्ठी लिहिणाऱ्यांनीं डिम्सडेल वाचला होता कीं नव्हता, हा प्रश्न नाहीं. डिम्सडेलनें तयार केलेल्या समजुतीच्या आश्रयानें ते निर्धास्त होते.

कॅलिफोर्नियांतील १८५१ व १८५६ च्या समित्यांवर बॅन्क्रॉफ्ट यानें १८८७ सालीं दोन मोठे खंड लिहून त्यांचा गौरव केला. त्याच्या एकच वर्ष आधीं जोसाया रॉइस या तत्त्वज्ञानें कॅलिफोर्नियाच्या इतिहासांत उलट बाजू मांडली होती : अशी लोकशिक्षा हें समाजाच्या सामर्थ्याचें लक्षण नसून, आपलीं नागरिक कर्तव्यें टाळून सोन्यामागें धांवलेल्या समाजास भरावा लागलेला तो दंड होय. रॉइसच्या या दृष्टीनें डिम्सडेल पुनः वाचावा, अशी आमची वाचकांस शिफारस आहे. तो टाकाऊ ग्रंथ नव्हे. खाणवाल्यांच्या राहणीविषयीं, भाषेविषयीं, भीतीविषयीं तो अव्वल साधन आहे. कोण दोषी होता, या प्रश्नास मात्र तो साधन नव्हे. तो त्या प्रश्नांतील एक पक्षकार आहे.

कोणा संग्राहकाच्या हातीं कधीं येगरच्या यादीचा मूळ कागद आला, तर त्यानें प्रथम त्याचें अक्षर, शाई आणि पाठीमागची बाजू पाहावी, आणि नांवें मग वाचावींत. त्या यादींतील पहिलें नांव वाचतांच जे उठून गेले, त्यांनीं एवढाही विलंब लावला नव्हता.